कोणत्या फुलाला कोण लागतं?

उंबराला फूल मध्यरात्री येतं आणि ते ज्याच्या नजरेस पडलं त्याचं भाग्य उजळतं, असं वऱ्हाडात जुनी माणसं अजून सांगतात. निदान अमरावतीत तरी ही समजूत टिकायला नको होती. या गावाचं मूळ नाव उदुंबरावती, त्याचं उंबरावती झालं असं म्हणतात, आणि खेड्यावरचा म्हातारा माणूस आजही ‘उमरावतीला जाऊन येतो’ असंच बोलतो. उंबराला फुलं येतात, शेकड्यांनी येतात आणि दिवसाउजेडी येतात. आपण ज्याला फळ म्हणून ओळखतो, ते मुळात आत वळलेल्या फुलांचं बंद घर आहे, एवढंच.

कोवळं, हिरवं उंबर ब्लेडने उभं चिरून साध्या भिंगाखाली धरा. आतल्या भिंतीला दाटीवाटीने चिकटलेली बारीक फुलं दिसतील. देठाच्या विरुद्ध टोकाला पापुद्र्यांनी झाकलेलं एक छिद्र असतं. दोनेक मिलिमीटर लांबीची गांधीलमाशीच्या कुळातली मादी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच मोडून पडतात. ती सोबत आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंडी पडलेल्या फुलांत पुढची पिढी वाढते, उरलेल्यांत बी धरतं. पिल्लांतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं आणि त्यांच्यासाठी भिंतीला भोक पाडायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. तोवर आतली नर फुलं उमललेली असतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात आणि त्यानंतर उंबर लाल होऊन पिकतं. मादीच्या हाताशी दुसरं झाड शोधायला जेमतेम एखाद-दोन दिवस असतात.

म्हणून ‘उंबर किडकं असतं’ ही दुसरी तक्रारही अर्धीच खरी. पिकलेल्या उंबरात भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि परोपजीवी माश्याही सापडतात, नाही असं नाही. पण पिकायला आलेलं उंबर फोडल्यावर जे बारीक किडे भुर्रकन उडतात त्यांतले बरेचसे या झाडाचे परागवाहक असतात. ते नसतील तर उंबराला बी नाही. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, आणि एकीचं काम सहसा दुसरीला जमत नाही. पुरंदरच्या अंजिराला मात्र यातलं काहीच लागत नाही, ते परागीभवनावाचूनच फळतं. एकाच कुळात इतकी तफावत असेल, तर ‘परागीभवन म्हणजे मधमाशी’ हे शाळेत पाठ केलेलं समीकरण कितपत पुरेल?

मोबाइलवर फिरणारं एक वाक्य याच समीकरणातून निघालं आहे: मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, इति आइनस्टाइन. आइनस्टाइन 1955 साली वारले. हे वाक्य त्यांच्या लिखाणात किंवा भाषणात कुठेही सापडत नाही. वस्तुस्थिती यापेक्षा गुंतागुंतीची आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात जगातली 115 प्रमुख पिकं तपासली होती. त्यांतल्या 87 पिकांना परागीभवनासाठी प्राण्यांची कमी-अधिक मदत होते, पण वजनाने मोजलं तर या पिकांचा जगाच्या उत्पादनातला वाटा सुमारे 35 टक्के भरतो. ज्वारी वाऱ्यावर आणि स्वतःवर भागवते. गहू, हरभरा, सोयाबीन बहुतांशी आपलं आपण उरकतात. माश्या गेल्या तर पोट अगदीच रिकामं राहणार नाही. ताटातली भाजी, फळ आणि तेल मात्र आटेल. मला हे सत्य त्या खोट्या वाक्याइतकंच गंभीर वाटतं.

आता कपाशी. तिचे परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. पण एकाच फुलात नर-मादी दोन्ही असल्याने बोंड धरायला माशीची वाट पाहावी लागत नाही. संकरित बियाणं तयार करताना म्हणूनच मजूर लावून ‘क्रॉसिंग’ करतात: संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचा. 1970 साली सुरतेहून आलेला एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस याच हातकामावर उभा राहिला.

मग कपाशीवर माश्या एवढ्या का घोंघावतात? पान उलटं करून मधल्या शिरेवर देठाच्या जवळ बघा. तिथे एक बारीक खळगी असते आणि तिच्यात गोड रस. फुलाबाहेरचा हा रस प्यायला माश्या, मुंग्या, गांधील सगळे येतात. त्यांतले काही बोंडअळ्यांची अंडी आणि बारीक अळ्याही खातात. ‘माश्या रस पितात, म्हणून बोंड बारीक राहतं’ हे म्हणणं निराधार आहे. 2002 मध्ये आलेल्या बीटी कपाशीवर मधमाश्या मारल्याचा आरोप होतो, तोही चुकीच्या आरोपीवर. बीटीतलं प्रथिन पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यावर काम करतं. मधमाशीला त्याने थेट विषबाधा होत असल्याचं प्रयोगांत आढळलेलं नाही. माश्या मारतं ते फवाऱ्यातलं विष. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात त्याच फवाऱ्यांनी माणसांचेही जीव घेतले.

माश्यांची खरी गरज परसात आणि भाजीच्या वाफ्यात आहे. ‘कोहळ्याला फुलं येतात आणि गळून जातात, वेल वांझ आहे’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. कोहळं, ढेमसं, दोडकं यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीची बहुतेक नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या बुडाशी चिमुकलं फळ आधीच दिसतं. ते पिवळं पडून सुकत असेल तर बहुधा पराग पोचलेला नाही असं समजावं आणि फुलं उमललेली असताना नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवावं. बुलडाणा-वाशीमकडे कांद्याचं बी धरणाऱ्यांना तर हातानेही भागत नाही. गोंड्यातल्या एकेका फुलाचा पराग त्याच्याच स्त्रीकेसराच्या आधी पिकून जातो, त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग आणणारं कुणीतरी हवंच. गोंडे फुललेले असताना फुलकिड्यांसाठी जोरदार फवारणी करणं म्हणजे बियाण्यावरच पाणी सोडणं.

वांग्याचे परागकोश टोकाला बारीक छिद्राने उघडतात. ते झटकायला पंख न हलवता अंग थरथरवणारा काळा भुंगा लागतो; मधमाशीला ही कला येत नाही. हा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. बांध साफ करताना जुनं खोड पेटवून दिलं की त्याचं घर गेलं.

‘संध्याकाळी फवारा, माश्या वाचतात’ हा सल्ला कपाशीला आणि कोहळ्याला ठीक आहे, कारण त्यांची फुलं सकाळची. दोडक्याचं फूल मात्र उमलतंच संध्याकाळी. तेव्हा फवारणीची वेळ ठरवण्याआधी एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला शेतात उभे राहा आणि कोणतं फूल उघडं आहे ते बघून घ्या.