स्वमत कसं लिहावं? रहस्यकथांच्या वाचकांकडून शिकूया!



दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. प्रश्न असतो 'स्वमत'चा, आणि अख्ख्या वर्गाचं स्वमत एकच असतं! वाक्यंही तीच, गाईडमधली. यात मुलांचा दोष नाही. ज्या धड्याबद्दल मनात काही आलंच नाही, त्याबद्दल मत आणायचं कुठून?

म्हणून मी एकदा धडा बाजूला ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत वेगळाच गृहपाठ दिला. आपल्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात. मुलांना सांगितलं, "साठीच्या पुढच्या माणसांना विचारा : तुम्ही बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं वाचली का? कशी वाटली? आणि तसं का वाटलं?"

अर्नाळकरच का?

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते गेले. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची गुप्तहेरांची जोडी. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे आणखी दोन गाजलेले नायक. एकेक नायक पुस्तकामागून पुस्तकांत येत राहिला आणि वाचक त्याच्याबरोबर वाढत गेले.

या पुस्तकांना शाळेत कधी जागा मिळाली नाही. धड्यावर असतात तशी त्यांच्यावर प्रश्नोत्तरं नाहीत आणि बाजारात गाईडही नाही. म्हणजे ज्याचं मत असेल, ते त्याचं स्वतःचंच असणार! आपल्याला हवं होतं ते हेच.

मुलांनी काय आणलं?

सुट्टी संपल्यावर वह्या पाहिल्या. मतं ढोबळमानाने चार प्रकारची निघाली.

१) आवड सांगणारं मत : "पुस्तक हातात घेतलं का खाली ठेवावंसं वाटे नाई." हे मत खरं आहे, पण ते वाचणाऱ्याबद्दल सांगतं. पुस्तकात काय होतं म्हणून खाली ठेववेना, ते कळत नाही.

२) तुलना करणारं मत : कुणाला धनंजय आवडे, कुणाला झुंजार. आपला जिल्हा मध्य प्रदेशाला लागून. त्यामुळे काही आजोबांनी हिंदी पॉकेट बुकंही वाचलेली. सुरेंद्र मोहन पाठकांचा सुनील आणि आपला धनंजय यांच्यात हुशार कोण, यावर दोन सख्ख्या भावांनी मुलासमोरच वाद घातला. तुलना आली की कारणं आपोआप येतात.

३) तक्रार करणारं मत : "पंधरा-वीस वाचल्यावर गुन्हेगार कोण हे आधीच समजे." या तक्रारीतही अभ्यास आहे. मालिकेची रचना ओळखल्याशिवाय हे कुणालाच म्हणता येत नाही.

४) बदललेलं मत : एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, की तरुणपणी थरारक वाटलेलं पुस्तक म्हातारपणी पुन्हा वाचलं तेव्हा रहस्य फिकं वाटलं, पण भाषेचा वेग तेवढाच आवडला. म्हणजे पुस्तक तेच आणि वाचक बदलला. मुलांना याचं फार नवल वाटलं.

पाचवं मत

एका मुलीने मात्र आपल्या आजीला विचारलं होतं. आजींनी स्वतः एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या हाती कुठी लागत होते पुस्तकं! भाऊ तुमसरवरून आने, वाचे, आन रातच्याला आमाले सांगे. कधी शेवट विसरे न मनानं जोडून दे. मी लगेच वळखत होती. म्हनत होती, दादा, धनंजय असा कधी करतच नाई."

मी हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. मग विचारलं, "आजींना कसं कळलं?" थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, त्यांनी आधीच्या गोष्टी ध्यानात ठेवल्या होत्या."

बरोबर! माणूस कसा वागतो याचे पुरावे आजींकडे जमा होते. नवा प्रसंग त्या पुराव्याशी जुळला नाही, म्हणून त्यांनी तो खोटा ठरवला. गुप्तहेर असंच काम करतो. आणि चांगलं स्वमतही असंच तयार होतं.

स्वमताच्या तीन पायऱ्या

त्यानंतर फळ्यावर तीन शब्द लिहिले. तुम्हीही वापरून पाहा.

* मत : एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत. 'छान आहे' चालणार नाही. काय छान आहे ते सांगायचं.
* पुरावा : पुस्तकातला एक तरी प्रसंग. 'मला असं वाटतं, कारण अमुक ठिकाणी तो असं वागतो.'
* मर्यादा : मी किती वाचलं? हजारांपैकी दहा पुस्तकं वाचली असतील, तर मत त्या दहांबद्दलच द्यायचं. 'सगळी पुस्तकं सारखीच' असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

तिसरी पायरी आपण मोठेही विसरतो. अर्नाळकरांना 'फालतू' म्हणणाऱ्या किती जणांनी त्यांचं एक तरी पुस्तक पूर्ण वाचलं असेल?

वाचकाच्या मताला किंमत असते

मुलांना शेरलॉक होम्सची गोष्ट जरूर सांगा. १८९३ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सला एका कथेत संपवून टाकलं. वाचक चिडले, हळहळले, वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. शेवटी १९०३ साली लेखकाला त्याला परत आणावं लागलं. मालिकेचा वाचक एका अर्थाने तिचा भागीदारच असतो.

पालकांसाठी दोन शब्द

"आमचा मुलगा अभ्यास सोडून असलीच पुस्तकं वाचतो," ही तक्रार घेऊन पालक येतात. एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात दडवलेली रहस्यकथा जप्त केली होती. त्याला रागावलो आणि पुस्तक परत दिलंच नाही. त्या वर्गात स्वतःहून वाचणारा तो एकटाच होता, हे मला फार उशिरा उमगलं. "आतापर्यंत काय झालं? तुझा संशय कुणावर आहे?" एवढं विचारलं असतं, तर त्याने मला दहा कारणं दिली असती.

घरात सुरुवात करायची तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. सत्यजित राय यांचा खासगी गुप्तहेर फेलूदाही मराठीत आला आहे. मुलाला निम्म्यावर थांबवा आणि गुन्हेगार कोण ते पुराव्यासह लिहून ठेवायला सांगा. शेवट वाचल्यावर पुन्हा लिहू द्या : माझं कुठे चुकलं? लेखकाने खूण दिली होती का, की लपवून ठेवली होती?

माझ्या वर्गातल्या एकाने फास्टर फेणे वाचून वहीत लिहिलं, 'मला हे पुस्तक अर्धंच आवडलं.' खाली पान क्रमांकासह तीन कारणं होती. त्यातलं एक मला पटलं नाही, तसं मी त्याला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी चौथं कारण घेऊन आला.