बिगरमोसमी पाऊस आणि वाइनची द्राक्षे

नाशिकच्या द्राक्षवेलीला हवामानाशी तडजोड करावी लागते. तिथे थंड प्रदेशांसारखी पानगळीची दीर्घ विश्रांती मिळत नसल्याने वेल वर्षातून दोनदा छाटतात: उन्हाळ्यात काडी तयार होण्यासाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर परतीचा पाऊस रेंगाळला, तर पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी धरून केवडा (डाऊनी मिल्ड्यू) पसरतो, आणि फुलोऱ्यातच पाऊस झाला, तर घडांची कूज व गळ होते. हीच अवस्था सर्वांत नाजूक म्हटली पाहिजे. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या काळातील सरी मणी तडकवतात आणि साखर पातळ करतात. ही साखर ब्रिक्स या एककात मोजली जाते. ती साधारण 22 ते 24 पर्यंत चढण्याची वाट पाहावी की कुजण्याच्या भीतीने घड आधीच उतरवावेत, हा निर्णय बागायतदाराला ढगाळ आभाळाखाली घ्यावा लागतो, आणि लवकर तोडलेल्या फळाची वाइन अधिक आंबट व कमी मद्यांशाची होते.