गुराबेची प्रमाणबद्ध प्रतिकृती

गुराबेची प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मराठा आरमारातील 'गुराब' या लढाऊ जहाजाची, ठराविक प्रमाणात लहान करून बांधलेली आकृती. अशी प्रतिकृती लाकडातून संपूर्णपणे घडवता येते, किंवा तयार भागांच्या संचात (किट) आवश्यक त्या दुरुस्त्या करून बांधता येते. बाजारातील शिडाच्या जहाजांचे बहुतेक संच युरोपीय जहाजांचे असतात. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत जोडणीपेक्षा दुरुस्तीचे काम अधिक असते.

पार्श्वभूमी

'गुराब' हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. गुराब व गलबत ही आंग्र्यांच्या आरमाराची मुख्य जहाजे होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या विजयदुर्गावरील स्वारीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानी लाकडात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये पाहता येते. मराठ्यांची एकही गुराब मात्र उरलेली नाही. म्हणून प्रतिकृतीकाराला लिखित वर्णनांचा आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केलेले वर्णन विशेष तपशीलवार आहे.

मूळ जहाजाची वैशिष्ट्ये

ऑर्मच्या वर्णनानुसार गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंतची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, मध्यभागापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी बांधणी आणि अत्यंत उथळ बूड ही तिची लक्षणे होत.

उथळ बुडाचे कारण रायगड जिल्ह्याच्या भूगोलावरून समजते. पेण हे भोगावती नदीवर वसले असून त्याचा जलमार्ग अंतोरा बंदरावरून धरमतरच्या खाडीत जातो. रोहा व अष्टमी ही गावे कुंडलिकेच्या दोन तीरांवर आहेत आणि ही नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. अशा खाड्यांत ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि वाहतूक भरतीवर अवलंबून राहते. खोल बुडाचे परकी जहाज जेथे शिरू शकत नसे, तेथे उथळ बुडाच्या जहाजाला आश्रय मिळे.

प्रमाण

शिडाच्या जहाजांसाठी १:७२ व १:१०० ही प्रमाणे सोयीची ठरतात. पोलादी युद्धनौकांचे संच बहुधा १:३५० किंवा १:७०० प्रमाणात असतात. १:७२ प्रमाणात २० मीटर लांबी सुमारे २८ सेंटीमीटर होते आणि १६५ सेंटीमीटर उंचीचा खलाशी २.३ सेंटीमीटरचा होतो. १२ पौंडी तोफेच्या गोळ्याचा व्यास सुमारे ११ सेंटीमीटर असे. म्हणजे प्रतिकृतीतील तोफेचे तोंड सुमारे दीड मिलिमीटर हवे. संचातील तोफा याहून जाड असल्यास त्या बदलाव्या लागतात.

संचातील दुरुस्त्या

१. नाळ : युरोपीय जहाजाचा फुगीर, उंच पुढचा भाग कापून त्या जागी भूमध्य समुद्रातील गॅली जहाजासारखी लांब, पुढे झेपावणारी नाळ बसवतात. तिचा तक्ता मुख्य तक्त्याच्या पातळीत असतो.

२. कठडा : नाळेच्या तक्त्याला कठडा लावणे ही नेहमीची चूक आहे. समोरच्या लाटेत नाळ पाण्यात बुडे. आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जावे, म्हणून हा तक्ता उघडाच ठेवलेला असे.

३. आडवी भिंत व पुढच्या तोफा : नाळ आणि मुख्य तक्ता यांच्यामध्ये आडवी भिंत असते. तिच्यातील खिडक्यांतून ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करत. या खिडक्या राहून गेल्यास पाठलागासाठी बांधलेल्या जहाजाचे मूळ प्रयोजनच प्रतिकृतीत दिसत नाही.

४. बाजूच्या तोफा : या ६ ते ९ पौंडी, म्हणजे पुढच्या मोठ्या तोफांहून हलक्या असाव्यात. तोफांचे दोन-तीन मजले असलेले संच या कामी निरुपयोगी ठरतात.

५. बूड : संचातील खोल पठाण (जहाजाचा तळकणा) तासून कमी करतात. त्यानंतर पाणरेषा नव्याने आखावी लागते.

बांधणी

दुरुस्त्या कागदावर आखून, पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून मगच कापणी केली जाते, कारण कापलेला भाग पुन्हा जोडल्यास सांधा दिसतो. तोफांसारख्या एकसारख्या वस्तूंसाठी एक नमुना कोरून त्याचा रबरी साचा घेतात. पेण आणि जवळच्या हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत हीच रीत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे : मूळ मूर्ती, साचा, ओतकाम, सफाई आणि शेवटी रंगकाम. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी जशी अखेरीस होते, तसे प्रतिकृतीतही दोरकाम आणि बारीक रेषा सर्वांत शेवटी करतात.

महत्त्व

मूळ जहाज अस्तित्वात नसल्यामुळे प्रदर्शनातील किंवा शाळेतील प्रतिकृतीच पाहणाऱ्याच्या दृष्टीने पुरावा ठरते. तिच्यातील चूक पुढच्या चित्रांत व प्रतिकृतींत उतरत जाते. म्हणून प्रतिकृतीसोबत तिचे प्रमाण, आधारभूत वर्णन आणि अनुमानाने केलेले भाग यांची नोंद ठेवणे आवश्यक असते.