कुत्रं सारखं खाजवतंय? आधी त्याचं पोतं बघा

नांदेड असो की लातूर, कुत्रं खाजवायला लागलं की गल्लीतून एकच सल्ला येतो, "जळकं ऑइल लावा." आमच्या शेरूलाही लावणारच होतो. नका लावू! कुत्रं अंग चाटतं, ते ऑइल पोटात जातं, विषबाधा होऊ शकते.

शेरूचे शेपटीच्या बुडाजवळचे केस गेले होते. ही पिसवांची खूण. खात्री कशी करायची? बारीक फणीने विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्यांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर एक-दोन चावेही पुरतात.

आमचा बग वेगळाच होता: औषध फक्त शेरूला. पण पिसवांची अंडी अंगावरून घरंगळून पोत्यात, फरशीच्या फटीत पडतात आणि तिथून नवीन पिसवा निघत राहतात. म्हणून पोतं-चादर गरम पाण्यात धुवा, फटी झाडा, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्या. मांजराचं औषध मात्र वेगळं असतं हं! आणि हे सगळं दोन-तीन महिने चालू ठेवा.

कानाच्या कडेला, कोपरांवर खपल्या आणि तुम्हालाही खाज? मग खरूज असू शकते. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा; उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही.

शेरू आता रात्रभर झोपतो. आम्हीपण!