पाऊस पडतो, राहत नाही

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. शहापूर आणि शेजारच्या मुरबाडला पाऊस कमी नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वरच. खोट आहे ती जमिनीखालच्या काळ्या पाषाणात. बेसाल्टच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी मुरतं, बाकीचं उतारावरून पसार होतं. त्यात हवेचं तापमान 1 अंशाने वाढलं की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणून सरी कोसळतात, मधली उघडीप लांबते.

उपाय फार अवघड नाही. पावसाळा सरता सरता ओढ्यात वाहतं पाणी असतं, तेव्हाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालायचा. खर्च नाममात्र, श्रम मात्र गावाचे. अडलेल्या पाण्यावर वाल, हरभरा, भाजीपाला निघतो, आसपासच्या विहिरींनाही आधार मिळतो. पण पुराचा पहिला लोंढा गोण्या नेतो. दरवर्षी नव्याने बांधणं आलंच. तसंच वरकस जमिनीत उशिरा पिकणाऱ्या गरव्याऐवजी लवकर पिकणारं हळवं भात घेतलं, तर ऑक्टोबरचा पाण्याचा ताण चुकवता येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या विकसनशील देशांसाठी श्रीमंत देशांनी 2009 साली कोपनहेगनमध्ये 2020पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. तो आकडा 2022 साली गाठला गेला. त्यातला मोठा वाटा कर्जाचा, आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यापेक्षा उत्सर्जन घटवण्यासाठीचा. गोण्यांच्या बंधाऱ्याला कर्ज कोण देणार, आणि ते फेडणार कोण?