रुग्णालयातील संगणकांची शिस्त: एका नियंत्रणाचे बळ आणि जोखीम

12 मे 2017, शुक्रवार. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत संगणकांचे पडदे एकाएकी लाल झाले आणि त्यांवर बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी झळकली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रणालीने यंत्रांतील माहिती कुलूपबंद केली होती. डॉक्टरांनी कागद-पेन हाती घेतले, ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या आणि पाच भागांतील तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयांत जावे लागले.

ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या घटनेचा अहवाल सादर केला. त्यानुसार इंग्लंडमधील 236 पैकी किमान 81 आरोग्य ट्रस्टना या हल्ल्याची झळ बसली, 595 जीपी दवाखान्यांत त्याचा शिरकाव झाला आणि सुमारे 19 हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज होता. मात्र आकड्यांपेक्षा कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. विंडोजमधील ज्या छिद्रातून हा हल्ला झाला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च रोजीच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, उपलब्ध केला होता. तो बसवावा अशी सूचनाही ट्रस्टना गेली होती. परंतु सूचनेचे पालन झाले की नाही, हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य विभागाकडे नव्हती. औषध होते, चिठ्ठीही लिहिली होती; ते रुग्णाने घेतले का, हे मात्र कोणी पाहिले नाही.

नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजेच एनएचएस, बाहेरून एकसंध संस्था वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ट्रस्टचा संगणक विभाग, खरेदी आणि अंदाजपत्रक वेगळे असते. वर्षानुवर्षे निरनिराळ्या विभागांनी घेतलेली यंत्रे, विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि एखाद्याच विभागाला लागणारी जुनी सॉफ्टवेअर यांची त्यात सरमिसळ होते. अशा ठिकाणी एकूण संगणक किती, या साध्या प्रश्नाचे उत्तरही सहज मिळत नाही. जे यंत्र यादीत नाही, त्यावर पॅच बसवणार तरी कोण?

म्हणूनच प्रमाणीकरणाची पहिली पायरी असते ती अचूक यादी. त्यानंतर मोजकी मॉडेल निवडली जातात आणि प्रत्येक संगणकावर एकाच ठरावीक रचनेचे विंडोज, तेच सुरक्षा नियम आणि तीच मूलभूत सॉफ्टवेअर बसवली जातात. तिसरी पायरी दूरस्थ व्यवस्थापनाची. प्रत्येक संगणक मध्यवर्ती सर्व्हरला ठरावीक काळाने आपली स्थिती कळवतो आणि तेथून मिळालेल्या सुधारणा बसवून घेतो. एखादा पॅच किती यंत्रांवर बसला आणि किती यंत्रे मागे राहिली, हे एका ठिकाणी बसून दिसते. 2017 मध्ये नेमकी हीच दृष्टी नव्हती.

रुग्णालयात हे काम बँकेपेक्षा किंवा विमा कार्यालयापेक्षा अवघड असते. वॉर्डातील संगणक दिवसरात्र चालू असतो आणि एकाच पाळीत अनेक जण तो वापरतात. सुधारणेसाठी तो मध्यरात्री आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर त्याच क्षणी एखादी परिचारिका औषधांची नोंद पाहत असू शकते. एमआरआयसारख्या यंत्रांना जोडलेल्या संगणकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. उत्पादकाने चाचणी करून मान्यता दिल्याशिवाय त्यावरील विंडोज बदलता येत नाही. अशा यंत्रांना उर्वरित जाळ्यापासून वेगळे ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वॉनाक्रायनंतर एनएचएसने केंद्रीकरणाकडे पावले टाकली. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार होऊन विंडोज 10 आणि सामाईक सुरक्षा देखरेख देशभरातील ट्रस्टना उपलब्ध करून देण्यात आली. पण एका सूत्रात बांधलेली यंत्रे एकाच चुकीने एकदम कोसळूही शकतात. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची 85 लाख यंत्रे बंद पडली. इंग्लंडमधील बहुसंख्य जीपी दवाखान्यांचे कामकाज विस्कळीत झाले. सदोष फाइल 78 मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर बिघडलेली असंख्य यंत्रे सुरूच होत नव्हती. जे यंत्र सुरू होत नाही, त्याच्यापर्यंत दूरस्थ आज्ञाही पोहोचत नाही. तंत्रज्ञांना एकेका यंत्रासमोर बसून ती फाइल काढून टाकावी लागली.

या दोन घटना परस्परविरोधी धडे देतात असे वरवर पाहता वाटते. पहिलीत सुधारणा पोहोचली नाही म्हणून हानी झाली, तर दुसरीत ती सर्वत्र एकदम पोहोचली म्हणून. उत्तर मात्र एकच आहे: टप्प्याटप्प्याने वितरण. सुधारणा प्रथम संगणक विभागाच्या स्वतःच्या यंत्रांवर, मग काही निवडक कार्यालयांत, त्यानंतर वॉर्डांत आणि सर्वांत शेवटी तातडीच्या व शस्त्रक्रिया विभागांत जावी. क्राउडस्ट्राइकच्या त्या प्रकारच्या फाइलना ग्राहकांनी ठरवलेले टप्पे लागूच होत नव्हते. कंपनीने त्यासाठी टप्पेवार वितरण नंतर सुरू केले. म्हणजे पुरवठादाराकडून थेट काय येते आणि ते कोण अडवू शकते, हेही करारापूर्वी विचारायला हवे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारा नियमित आधार संपला. वॉनाक्रायनंतर ज्या आवृत्तीकडे एनएचएस वळली, तीच आता जुनी ठरली आहे. शुल्क भरून आणखी काही काळ सुरक्षा सुधारणा घेता येतात, परंतु तेवढाच अवधी वाढतो. प्रमाणीकरण हा एकदा पूर्ण करून फाइल बंद करण्याचा प्रकल्प नव्हे. प्रत्येक अपवादाची नोंद, त्याला जबाबदार व्यक्ती आणि त्याच्या समाप्तीची तारीख ठरलेली असणे, तसेच पडदा काळा झाल्यावर वॉर्डात कागदावर काम कसे चालवायचे याचा नियमित सराव असणे, हे सारे त्यातच येते. अखेर या यादीतील प्रत्येक यंत्रामागे तपासणीची वाट पाहणारा एक रुग्ण असतो.