वाघर, डालगं आणि झटका

कापसाची उलंगवाडी झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत मेंढ्यांचे कळप उतरतात. दिवसा पऱ्हाटीचा उरलासुरला पाला खायचा आणि रात्री तिथेच बसायचं. त्यांना आवरून धरते ती वाघर. पूर्वी सुती दोराची असे, आता बहुधा नायलॉनची. कमरेएवढी जाळी आणि ठोकायला लाकडी मेखा. गुंडाळली की बिऱ्हाडाबरोबर घोड्यावर लादता येते.

वाघर लांडग्याला अडवते असं समजू नये. एवढी उडी त्याला जड नाही. पण कळप उधळला, एखादं कोकरू बाजूला पडलं, की त्याचं साधतं. जाळीत मेंढरं गच्च राहतात आणि तेवढ्यात कुत्री नि राखणदार उठतात. खरा लाभ वावरवाल्याचा. लेंड्या-मूत जागच्या जागी मुरतं; खत वाहायला बैलगाडी नको, पसरायला मजूर नको. दुसऱ्या रात्री मेखा उपटून जाळी पुढच्या तुकड्यात. या बसवण्याचे मेंढपाळाला दाणे किंवा पैसे मिळतात. सिमेंटच्या खांबांच्या कुंपणाला हे कधी जमायचं नाही.

कोंबड्यांपुरतं हेच काम डालगं करतं. कामट्यांनी विणलेलं, बिनतळाचं, उचललं की हललं. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात, ते कोंबडं झाकतात याच्याचखाली. दिवसा पिलांना घारीपासून आडोसा, रात्री वर दगड ठेवला की मांजर-मुंगसाची काळजी कमी, आणि विणीतून वारा खेळतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याच्या खुराड्यापेक्षा हे बरं. अमेरिकेत व्हर्जिनियातले शेतकरी जोएल सॅलाटिन 10 बाय 12 फुटांचे बिनतळाचे पिंजरे कुरणात रोज पुढे सरकवतात आणि जगभरचे लोक ते बघायला जातात! आपल्या डालग्याचं एवढं कौतुक कुणी केलं नाही.

रोही आणि रानडुकरांसाठी वावरात आलेलं झटका मशीन आता वाघरीसारख्या जाळीला जोडता येईल. बारा व्होल्टची बॅटरी, सोलर प्लेट आणि सेकंदाला साधारण एक झटका; व्होल्ट हजारांत, पण क्षणभरच, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. तारेत थेट लाइन सोडणं हा वेगळाच प्रकार, तो गुन्हा आहे. विदर्भात त्याने वाघही मेले आणि माणसंही. जाळी मात्र साधी चालत नाही, दोऱ्यात धातूची तार विणलेली लागते. आणि मेंढ्या बसवायचा हंगाम उन्हाळ्याचा. तेव्हा काळी माती भेगाळून कोरडी पडते, अर्थिंग धरत नाही, झटका मंदावतो. अर्थिंगची सळई खोल ठोकून तिच्या बुडाशी रोज संध्याकाळी पाणी ओतावं लागतं.